घराची पाठ समुद्राकडे

किनाऱ्यावरच्या जुन्या घरांविषयीची पत्रं या सदराकडे दर उन्हाळ्यात हटकून येतात. घर वाडवडिलांचं, मंडळी नोकरीच्या गावी. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे एकत्र जमतात आणि मग कुणीतरी म्हणतंच, “समुद्र एवढा हाकेच्या अंतरावर, आणि घरात बसून तो दिसत नाही म्हणजे काय! शिवाय माजघरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो.” पत्राचा शेवट बहुधा एकाच प्रश्नाने होतो : मागची भिंत पाडून तिथे मोठी काच बसवली तर चालेल का?

चालेल की नाही, हे एका शब्दात सांगण्यापेक्षा आज मी तुम्हाला माझ्या आत्याच्या घराची हकीकत सांगते. तिच्या घरीही हाच प्रश्न पडला होता, आणि त्यावरून आई आणि मुलांमध्ये चांगलीच जुंपली होती.

आत्याचं घर दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्याच्या गावी आहे. त्या बाजूची पुष्कळ गावं एकाच साच्यातली. मधून अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी संपली की सुरूचं बन, मग पुळण आणि मग समुद्र. घराचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला. पुढे अंगण, तुळशीवृंदावन, चार पायऱ्या चढून ओटी, ओटीतून माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी मागची पडवी. पडवीच्या एका टोकाला न्हाणी, दुसऱ्या टोकाला लाकूडफाटा, नारळांची रास, मोडका पाळणा आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं बरंच काही. थोडक्यात, घराने समुद्राकडे चक्क पाठ केलेली.

जुन्या लोकांना सौंदर्यदृष्टी नव्हती, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांना पश्चिम दिशा पुरती ठाऊक होती. दुपारी तीननंतरचं तिरपं, थेट आत घुसणारं ऊन तिकडूनच येतं. जून ते सप्टेंबर पावसाची झड तिकडूनच येते, आणि कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही थट्टा नव्हे. लोखंड खाणारा खारा वाराही तिकडचाच. आपल्याला हवं असलेलं दृश्य आणि आपल्याला नको असलेल्या या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने येतात, हा किनाऱ्यावरच्या घराचा मूळ पेच आहे. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड-दोन फूट जाड भिंती, लहान खिडक्या आणि डोकं वाकवून आत यावं लागेल इतकी खाली उतरलेली वळचण. घरातला काळोख हा अडाणीपणा नव्हता. ती छत्री होती.

पण छत्रीखालीही माणसाला दिसायला हवं. आत्याच्या माजघराला बाहेरची भिंतच नाही. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला कोठी आणि बाळंतिणीची खोली, डोक्यावर फळ्यांचा पोटमाळा. उजेड येणार तो फक्त ओटीच्या दारातून. आत्या एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. पन्नास-पंचावन्न वर्षं ती त्या काळोखात बिनदिक्कत वावरली. पण २०१९ च्या गणपतीत देवघरातून निरांजन घेऊन येताना तिला उंबरा दिसला नाही. मनगट मोडलं. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निघालं.

मोठा मुलगा बडोद्याला, धाकटा ठाण्याला. दोघांचंही म्हणणं एकच, “आई, आता पुरे झालं. तू आमच्याकडे चल.” आणि तिचंही उत्तर ठरलेलं, “आणि हे घर कुणावर टाकू? वाडीला पाणी कोण दाखवील?” घर विकण्याचा विषय कुणी उघडपणे काढला नव्हता, पण तो सगळ्यांच्या मनात येऊन गेला होता. रस्त्यापलीकडच्या दोन घरांची एव्हाना पर्यटकांसाठी निवासस्थानं झाली होती.

त्यातच ३ जून २०२० उजाडला. टाळेबंदीमुळे मुलं अडकून पडलेली, आणि निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. आत्या शेजारच्या कुटुंबासह देवघरात बसून होती. मागच्या पाखाची कौलं पत्त्यांसारखी उडत होती. वारा पडल्यावर ती मागल्या दारी आली. आम्हाला तिने नंतर फोनवर सांगितलं, “अगं, दार उघडलं तर समोर समुद्र! साठ वर्षं मी नुसती त्याची गाज ऐकत्ये. मागल्या दारातून पहिल्यांदा दिसला. आणि बघवेना गं.”

कारण मध्ये वाडी उरली नव्हती. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी मुळासकट उपटल्या होत्या, माड मधूनच पिळवटून मोडले होते. माजघरात लख्ख उजेड आला होता, पण डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून. उजेड आणि दृश्य, दोन्ही एका दुपारात मिळालं, आणि त्याची किंमतही तिथेच समोर पडलेली होती.

पावसाळा तोंडावर, म्हणून घाईने मागच्या पाखावर पत्रे घातले. दोन वर्षं तसंच चाललं. पत्र्याखाली उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भट्टी होई आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. मग २०२२ च्या दिवाळीत घराचं काम काढायचं ठरलं आणि खरा वाद सुरू झाला.

थोरल्याने एक नकाशा काढून आणला होता. मागची पडवी काढून टाकायची, स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत पाडून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत्या काचा, पुढे उघडा चौथरा आणि त्यावर खुर्च्या. वाडीत पुन्हा झाडं लावायचीच नाहीत, फक्त हिरवळ. “वादळाने वाडी नेली ती नेलीच. निदान समुद्र तरी दिसू दे,” असं तो म्हणाला, आणि त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. घर पाहायला छान असेल तर नातवंडं येतील, राहतील, घर टिकेल, हा त्याचा हिशेब. आत्याचा हिशेब वेगळा. “झाडं नसलेल्या घरात मी राहायची नाही. मग तुम्ही खुशाल काचेचं करा नाहीतर सोन्याचं.”

मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. या सदरामुळे नातेवाइकांना वाटतं, हिला सगळं कळतं. मला जे कळलं ते घरातल्या सुतारकाकांकडून. त्यांनी नकाशा पाहिला, परत केला आणि म्हणाले, “काकी, पडवी काढलीत तर पहिल्या पावसात ही भिंत पाणी पिईल. चिरा आहे तो. एकदा प्यायला की मार्गशीर्षापर्यंत सुकत नाही.”

मग आम्ही एक साधा प्रयोग केला. तो तुम्हीही गवंडी बोलावण्याआधी जरूर करा. एक पाट आणि एक खुर्ची घेतली आणि सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार अशा तीन वेळांना घरातल्या प्रत्येक जागी बसून पाहिलं. उजेड किती आहे, कुठून येतो, आणि बसल्या जागेवरून काय दिसतं, हे वहिनींनी वहीत टिपून घेतलं. दुपारी चारला मागच्या उघड्या जागेत आत्याला समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. दोन मिनिटांत तिने पदर डोळ्यांवर ओढला. समोरून ऊन आणि खालून पाण्याची चकाकी! थोरला शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, पण नकाशा त्याने घडी घालून ठेवला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सत्तरीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, पण चकाकी मात्र त्याला कमी सोसते. मोतीबिंदू असेल तर अधिकच. म्हणजे आत्याला हवा होता तो समुद्राचा झळझळाट नव्हे, तर पायाखालचा उंबरा दाखवणारा शांत उजेड. उजेड आणि दृश्य या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि त्या एकाच भोकातून भागवायला गेलं की घर बिघडतं. हे एकदा पटलं आणि पुढचं सगळं सोपं झालं. उजेड पूर्वेकडून, उत्तरेकडून आणि वरून घ्यायचा. दृश्य पश्चिमेकडून, पण सावलीत बसून घ्यायचं.

आधी उजेडाचं सांगते. पत्रे काढून पुन्हा मंगलोरी कौलं घातली. ही कौलं आपल्याला पिढीजात वाटतात, पण बासेल मिशनने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्यापूर्वी किनाऱ्यावर गवती छपरं आणि हाताने घडवलेली नळीची कौलंच असत. सांगायचा मुद्दा असा, की जुनं घरही आपल्या काळात नवीन चांगली गोष्ट स्वीकारत आलं आहे. मंगलोरी कौलाच्याच आकाराची काचेची कौलं मिळतात. घर चौपाखी असल्याने उत्तरेलाही एक पाखं होतं. त्यावर तीन आणि पूर्वेच्या पाखावर आढ्याजवळ दोन अशी पाचच काचेची कौलं घातली. पश्चिमेच्या पाखावर एकही नाही. थोरला म्हणत होता, दहा घालू. पण वरून येणारा उजेड फार जोरकस असतो, थोड्यात भागतो.

मात्र पोटमाळा आड आला तर तो उजेड माळ्यावरच राहतो. म्हणून कौलांच्या बरोबर खाली माळ्याच्या फळ्या काढून चार फूट बाय तीन फूट मोकळी चौकट ठेवली, कडेने कठडा केला आणि चौकटीच्या चारही बाजू आतून पांढऱ्या रंगवल्या. या कामाला खर्च सर्वांत कमी आला आणि फरक सर्वांत जास्त पडला. एक काळजी मात्र घ्यावी लागते. दापोलीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या पाखावरही ऊन पडतं. त्यासाठी वहिनींनी चौकटीखाली मांजरपाटाचं कापड ताणून बसवण्याची सोय केली. रामनवमीला लावायचं, पाऊस सुरू झाला की काढून धुऊन ठेवायचं. काचेच्या कौलांवर शेवाळ धरतं, तेव्हा वर्षातून एकदा ती घासावी लागतात. आणि चार-पाच जास्तीची आणून ठेवा. वानरं काच आणि कौल असा भेद करीत नाहीत!

दुसरं काम सफेतीचं. चुलीच्या धुराने माजघराच्या तुळया आणि भिंतींचा वरचा भाग काळा झाला होता. काळी भिंत आलेला उजेड गिळून टाकते. भिंतींवर मागे कधीतरी कुणी सिमेंटचा गिलावा केला होता आणि तो जागोजागी फुगला होता. जांभ्याला श्वास घ्यायला लागतो. सिमेंटने त्याचं तोंड बांधलं की आतली ओल आतच राहते आणि खाऱ्या हवेत पोपडे धरतात. तो गिलावा खरवडून चुन्याचा केला, वर चुन्याचीच सफेती. ओटी आणि माजघराच्या मधल्या भिंतीत दाराच्या वर आडवा झरोका ठेवला. सकाळी ओटीवर ऊन आलं की त्याचा उजेड आता माजघराच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. आणि आत्याला ज्याने पाडलं, त्या उंबऱ्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा काढला. उजेड कितीही आला, तरी पायरीची कड वेगळ्या रंगाने दिसली पाहिजे. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आजच करा, त्याला गवंडी लागत नाही.

आता दृश्याचं. पडवी काढायची नाही हे ठरल्यावर पहिलं काम तिथली अडगळ हलवण्याचं. तीन दिवस लागले. आत्या प्रत्येक वस्तूची कुळकथा सांगत होती आणि धाकटा ती वस्तू गुपचूप हलवत होता. न्हाणी होती पडवीच्या नैऋत्य टोकाला, नेमकी समुद्र दिसण्याच्या जागी. ती त्याच जोत्यावर उत्तरेच्या टोकाला नेली. तिच्या बाहेरच्या भिंतीत वरच्या बाजूला विटांची जाळी ठेवली. केरळात लॉरी बेकर या वास्तुकाराने अशा जाळ्यांच्या भिंतींचा फार सुरेख उपयोग केला आहे. उजेड येतो, वाफ जाते, आडोसाही राहतो.

पडवी मोकळी झाली तरी वळचण खालीच होती. थोरला म्हणाला, “ती तरी उचलून घेऊ, नाहीतर दिसणार काय?” सुतारकाकांनी त्याला खांद्याला धरून पाटावर बसवलं. खाली बसल्यावर समुद्राची रेघ वळचणीच्या पुष्कळ खाली, अगदी डोळ्यांसमोर आली! यात जादू काही नाही. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच दिसतं. उभे राहा, ते तुमच्याबरोबर वर येतं. बसा, ते खाली उतरतं. खाली आलेली वळचण कापते ते वरचं झगझगीत आकाश, समुद्र नव्हे. जुन्या घरांतल्या खिडक्या जमिनीलगत असायच्या, त्या याचसाठी. माणसं खाली बसत.

म्हणून स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी बसणाऱ्याच्या मापाने केली. पूर्वी ती दोन फूट रुंद होती, ती साडेचार फूट केली. तळ जमिनीपासून दीड फुटावर आणला, म्हणजे आत्याला तिथेच टेकून बसता येतं. भिंत जाड असल्याने बाजू आतून तिरक्या तासून घेतल्या. त्यामुळे आत अधिक उजेड पसरतो आणि बसल्या जागेवरून बाहेरचं अधिक दिसतं. समोर आठ फूट खोल पडवी असल्यामुळे अगदी मावळतीचं ऊन सोडलं तर खिडकीवर थेट ऊन फारसं येत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. चिऱ्याची भिंत नुसता आडोसा नसते, छपराचा भार तिच्यावर असतो. खिडकी वाढवायची तर आधी वाशांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, मग वरची तुळई बसवायची, आणि त्यानंतरच खालचे चिरे काढायचे. तुळई दोन्हीकडे निदान एकेक फूट भिंतीत टेकली पाहिजे. घराच्या कोपऱ्यापासून दोन-अडीच फुटांच्या आत भोक पाडू नये. आमच्याकडे वादळात निघालेली एक जुनी फणसाची तुळई सुतारकाकांनी जपून ठेवली होती, तीच वापरली. सिमेंटचा पाट घालायचा असेल तर समुद्राची वाळू चुकूनही वापरू देऊ नका. तिच्यातलं मीठ आतली सळई खातं आणि काही वर्षांत तो पाट तडकतो.

खिडकीला काच बसवली, पण लहान तावदानांची आणि आतल्या अंगाला. बाहेरून पूर्वीसारख्याच लाकडी झडपा. वादळाची वर्दी आली की झडपा लावून अडसर घालायचा. भिंतभर काच असती तर काय केलं असतं? बिजागऱ्या आणि कड्या पितळी घेतल्या. स्टेनलेस स्टीलचं काही घेतलंत तर ३१६ प्रतीचं मागा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतात. कौलं घालताना वळचणीच्या, कडेच्या आणि आढ्याच्या ओळी न गंजणाऱ्या तारेने रिपांना बांधून घेतल्या, कारण वारा पहिल्यांदा उचलतो तो कडा.

पावसाळ्याचे चार महिने पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात. त्या दिवसांत समुद्र दिसत नाही. थोरल्याला हे अजूनही थोडं खटकतं. पण माजघराचा उजेड वरून येत असल्यामुळे झाप बांधले तरी आता घर काळोखात जात नाही.

राहिली वाडी. माझ्या मते या घराचं भांडण मिटलं ते इथे. माडांत पंचवीस फुटांचं अंतर ठेवायचं असतं, पोफळीत साधारण नऊ फुटांचं. म्हणजे माडांच्या ओळींमध्ये मोकळी वाट राहतेच, फक्त ती कुठे ठेवायची हे ठरवायचं. पावसाळ्यातला वारा नैऋत्येचा. सरळ त्या दिशेला वाट ठेवली तर वारा नळीतून यावा तसा घरावर येईल. आणि मे महिन्यात, नातवंडं येतात तेव्हा, सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या वीस-बावीस अंश उत्तरेला. म्हणून वायव्येकडे कललेली दहा-बारा फुटांची एकच वाट मोकळी ठेवली. बाकी सगळीकडे रोपं. आत्याने नव्या माडांच्या आळ्यांना स्वतः काठी टेकत पहिलं पाणी घातलं, आणि तिच्या पाठोपाठ कळशी घेऊन थोरला होता.

सरकारी बाजूही सांगायला हवी, कारण यात पुष्कळ जण फसतात. केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. समुद्राच्या भरतीरेषेपासून साधारण ५०० मीटरपर्यंतची जमीन त्यांच्या कक्षेत येते, आणि त्यातही रेषेलगतच्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. तिथल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण आहे त्याच जोत्यावर आणि चटईक्षेत्र न वाढवता. आमची न्हाणी जोत्याबाहेर न काढण्याचं हेही एक कारण होतं. पुळणीवरच्या वाळूच्या टेकड्या दृश्यासाठी सपाट करणं, सुरूची झाडं परस्पर तोडणं हे तर नियमाबाहेरचं आहेच, पण वादळात आपलंच घर उघडं पाडणारं आहे. घर सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीत आधी विचारा.

काम काढण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

* दिवसातून तीनदा, खाली बसून आणि खुर्चीत बसून, घर पाहा. निदान दोन ऋतूंत पाहिलंत तर उत्तम.
* काम दिवाळीनंतर सुरू करून पाडव्यापर्यंत आटपा. चुन्याचा गिलावा सावकाश सुकू द्यावा लागतो.
* भिंत पाडण्याआधी अडगळ हलवा, सफेती करा, मधल्या दारांवर झरोके काढा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मं काम होतं.
* पश्चिमेला सावलीशिवाय उघडी काच नको. पडवी असेल तर ती वाचवा, नसेल तर आधी पडवी करता येते का ते विचारा.
* घरात जे सर्वांत जास्त राहणार आहेत, त्यांना आधी विचारा.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी लिहिला. घर दुरुस्त करताना आपण बहुधा वर्षातले पंधरा दिवस राहणाऱ्यांचा विचार करतो आणि साडेअकरा महिने राहणाऱ्याला कोपऱ्यात खुर्ची देतो.

मागच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले होते. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन आत्याला आता बरं दिसतं. बडोद्याला ती गेली नाही. उलट थोरल्यानेच निवृत्तीनंतर इकडे येऊन राहायचं मनावर घेतलं आहे. संध्याकाळी ती खिडकीत बसून शेंगा सोलत होती आणि वाटेच्या टोकाला सूर्य पाण्याला टेकत होता. मी म्हटलं, “आत्या, चार-पाच वर्षांत या माडांच्या झावळ्या पसरतील, मग तुझा समुद्र अर्धा झाकला जाईल.”

“झाकू दे की,” ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, “त्यानंतर ते उंच होतील, मग बुंध्यांमधून दिसेल पुन्हा. मी नसेन तेव्हा, पण तुम्ही असाल ना बघायला?”